कोणत्या कातडीला कोणता साबण?



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने झाली आहेत. त्या मानाने आमचा विषय अगदीच क्षुल्लक वाटेल. तोंड कशाने धुवावे, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी मनात म्हटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु माणूस जी गोष्ट रोज करतो तिचाच इतिहास तो सहसा विचारीत नाही, आणि जिथे इतिहास विचारला जात नाही तिथे दुसरा कोणीतरी आपल्यासाठी निर्णय घेऊन मोकळा होतो, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही काही रसायनशास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. वयाच्या अठराव्या वर्षी आम्ही लेथवर उभे राहिलो. दिवसभर हातातोंडावर कूलंटचे शिंतोडे उडत. पाळी सुटली की नळावर रांग लागे. आधी रॉकेलचा बोळा, मग लाकडाचा भुसा, आणि शेवटी कपडे धुण्याचा साबण, अशी आमची तोंड धुण्याची रीत होती. थंडीत गाल फुटून रक्त येई. कपाळावर आणि हातांवर मात्र बारमाही पुळ्या. जुने मिस्त्री म्हणत, "पोरा, लोखंडाची कातडी झाल्याशिवाय कामगार होत नाही." आम्हीही ते खरे मानले.

पुढे युनियनचे काम अंगावर घेतल्यावर आम्ही मागणीपत्रात अंगाच्या साबणाची मागणी घातली. बोलणी चालू असताना मालक हसून म्हणाले, "उद्या स्नो-पावडरही मागाल!" शेवटी दरमहा माणशी एक वडी मिळाली. आम्ही विजय झाला असे समजून गेटवर सभाही घेतली. पण सहा महिन्यांत तक्रारी येऊ लागल्या. भट्टीवरच्या माणसांची कातडी त्या साबणाने आणखीच तडतडू लागली. लेथवरच्यांच्या पुळ्या तशाच राहिल्या. तेव्हा आम्हांला उमगले, की चूक केवळ मालकाची नव्हती. आमच्या मागणीपत्रातही सर्वांना मिळून एकच वडी होती. भट्टीवरचा आणि लेथवरचा माणूस वेगळा, हे आम्हीच विसरलो होतो. त्या चुकीची लाज वाटून आम्ही वाचायला बसलो. त्या वाचनाचे सार आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

साबण येण्यापूर्वी आपल्या घरांत काय होते? दिवाळीच्या पहाटे तेल आणि उटणे आपण आजही लावतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा अध्याय आहे. त्यात आधी अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन, म्हणजे उटण्याने अंग चोळणे, आणि नंतर स्नान असा क्रम सांगितला आहे. त्यातच कफाचा विकार असलेल्याने अभ्यंग टाळावा असेही सांगितले आहे. माणूस पाहून उपाय ठरवावा हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, एवढे यातून दिसते. आमच्या आजीला संस्कृत येत नव्हते. पण ती तेलकट चेहऱ्याच्या नातीला बेसन लावी आणि थंडीत गाल फुटलेल्या नातवाला दुधाची साय. घरोघरी अशी निवड होती. मात्र तिला लागणारी साय आणि सवड सर्वांच्या घरी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. जुने ते सगळे सोने असे आम्ही म्हणत नाही.

मग साबणाचे युग आले. चरबी किंवा तेल आणि अल्कली एकत्र शिजवले की साबण होतो, ही कृती फार जुनी. पण फ्रान्समध्ये लब्लांकने १७९१ साली मिठापासून सोडा करण्याची रीत काढली, आणि १८२३ साली शेव्रलने चरबीच्या रसायनाचा उलगडा केला. त्यानंतर साबण हा कारखान्याचा माल झाला. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. त्याच वर्षी इंग्लंडात लिव्हर बंधूंनी आपल्या कामगारांसाठी पोर्ट सनलाइट ही टुमदार वसाहत बांधायला घेतली. पुढे १९११ साली त्याच उद्योगाने बेल्जियन काँगोत पामतेलासाठी अफाट जमिनीचा करार केला, आणि तिथे आफ्रिकी मजुरांकडून सक्तीने काम घेतले गेले. एका टोकाला बागा असलेली घरे, दुसऱ्या टोकाला वेठबिगार, आणि मधे आपल्या हातातली ती सुगंधी वडी. साबणाचा इतिहास सांगताना ही गोष्ट वगळणे आम्हांला जमणार नाही.

आपल्या देशातही उद्योग उभा राहिला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढण्याचा ध्यास घेतला, आणि स्वदेशीच्या वाऱ्याने तो घरोघर नेला. म्हैसूर संस्थानात चंदनाचा साबण निघाला. १९३४ साली मुंबईत शिवडीला लिव्हरचा साबणाचा कारखाना सुरू झाला. १९४१ साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. लक्ससाठी जाहिरात करणारी पहिली हिंदी चित्रतारका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आता एक गंमत पाहा. लाल कार्बोलिक साबण घाम गाळणाऱ्याचा आणि गुलाबी साबण तारकेचा, अशी बाजाराने वाटणी केली. साबणाने माणसांची वर्गवारी केली ती कातडी पाहून नव्हे, खिसा आणि कामाची जागा पाहून!

कातडी पाहून वर्गवारी झाली ती दुसरीकडे. हेलेना रूबिन्स्टाइन ही पोलंडच्या क्राकूव शहरातली मुलगी ऑस्ट्रेलियात गेली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिने मेलबर्नला सौंदर्यप्रसाधनांचे दुकान काढले. कोरडी, तेलकट, सर्वसाधारण असे त्वचेचे प्रकार पाडून त्याप्रमाणे माल विकण्याचे श्रेय सामान्यतः तिला देतात. तिचा हेतू व्यापाराचा होता, गिऱ्हाईक श्रीमंत होते. पण मूळ प्रश्न रास्त होता. आधी तुमची कातडी कशी ते सांगा, मग औषध देते.

या प्रश्नाला शास्त्राचा आधार १९२८ साली मिळाला. जर्मनीत शाडे आणि मार्किओनिनी या दोघा संशोधकांनी दाखविले, की निरोगी त्वचेवर एक पातळसे आम्लाचे आवरण असते. आम्ल आणि अल्कली मोजण्याच्या पट्टीवर सात हा मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. चेहऱ्याची कातडी पाच-साडेपाचच्या आसपास, आणि नेहमीचा साबण नऊ-दहाच्या घरात. या पट्टीवर एकेक अंकाचा फरक दहापटीचा असतो. शिवाय साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. म्हणून मळ निघतो. पण मशीनचे तेल कोणते आणि कातडीचे स्वतःचे तेल कोणते, हे त्या कणाला कळत नाही. तो दोन्ही ओढून नेतो. आमचे गाल थंडीत का फुटत होते, याचे उत्तर इतकी वर्षे पुस्तकात पडून होते!

पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा दुष्काळ पडला, तेव्हा साबणावाचून धुण्याची कृत्रिम द्रव्ये शोधण्यास जोर आला. त्यातूनच पुढे कातडीला सौम्य अशा वड्या निघाल्या. अमेरिकेत १९५७ साली बाजारात आलेली डव्ह ही त्यांतली प्रसिद्ध. आजचे फेसवॉश बहुतेक याच कुळातले. दिसायला साबण, पण रसायनाने साबण नव्हे.

तेव्हा निवड कशी करावी? आम्ही युनियनच्या कचेरीत सांगतो तेच इथे सांगतो. साध्या पाण्याने तोंड धुवा, टिपून घ्या, काही लावू नका, आणि तासभर थांबा. सगळा चेहरा ताणल्यासारखा वाटला, पापुद्रे दिसले, तर कातडी कोरडी. सगळीकडे चकाकी आली तर तेलकट. कपाळ, नाक, हनुवटी चकाकते आणि गाल नाही, तर मिश्र. आणि कोणतीही नवी वस्तू लावताच आग होत असेल, लाली येत असेल, तर नाजूक.

कोरड्या कातडीला फार फेस न होणारे, ग्लिसरीन असलेले, दुधासारखे क्लेन्झर बरे. तेलकटाला फेसाचे चालते. पुळ्या असतील तर सॅलिसिलिक आम्ल असलेले पाहावे. नाजूक कातडीने सुगंधापासून दूर राहावे. मिश्र कातडीला सौम्य वस्तू पुरते. सिमेंटमध्ये काम करणाऱ्या गवंडी बंधूंनी अधिक जपावे. सिमेंट स्वतःच जहाल अल्कली आहे, त्यावर पुन्हा कपड्याचा साबण नको. दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर धुणे पुरे. रॉकेल तर चेहऱ्याला कधीच लावू नये. लिंबूही चोळू नये. चट्टे राहिले तर डॉक्टर गाठावा.

वेष्टणही वाचावे. त्यावर टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धाम्लांचे प्रमाण, छापलेले असते. २००४ च्या भारतीय मानकात टॉयलेट सोपच्या तीन प्रती ठरविल्या : ७६, ७० आणि ६० टक्के. हा आकडा साबणाची प्रत सांगतो. तो तुमच्या कातडीला मानवेल की नाही हे सांगत नाही. ते कातडीलाच विचारावे लागते. आणि गोरेपणाचे आश्वासन कोठे दिसले तर वडी खाली ठेवावी. धुण्याने मळ जातो, रंग जात नाही; आणि रंग हा मळ नव्हेच.

शेवटी मुद्द्यावर येतो. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी झाडणाऱ्यांचा कर्करोग काजळीशी जोडून दाखविला. अंगावर साचलेला कामाचा मळ माणूस मारतो, हे तेव्हापासून माहीत आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४२ व्या कलमाने धुण्याची पुरेशी व योग्य सोय करणे मालकावर बंधनकारक केले. कायद्यात 'योग्य' हा शब्द होता. योग्य कोणासाठी, हे विचारायचे काम आमचे होते, आणि पहिल्या खेपेस आम्ही ते विचारले नाही.

दुसऱ्या खेपेस विचारले. पुढच्या मागणीपत्रात दोन प्रकारची वस्तू मागितली : भट्टीवरच्यांसाठी एक, लेथवरच्यांसाठी एक, आणि धुण्यासाठी पाळी सुटण्यापूर्वीची दहा मिनिटे. मालक पुन्हा हसले. या वेळी आम्ही त्यांना पाच आणि नऊ हे दोन आकडे कागदावर लिहून दाखविले, आणि अर्थ समजावून सांगितला. ते हसायचे थांबले. वस्तू मिळाल्या, दहा मिनिटांवर मात्र पुढे दोन वर्षे भांडावे लागले.

कोणत्या कातडीला कोणता साबण, हे आता कोणालाही वाचून कळेल. परंतु निवड करायला नळाला पाणी लागते, हातात चार पैसे लागतात, आणि तोंड धुण्याइतका वेळ लागतो. ज्ञान पुस्तकात मिळते. बाकीचे तिन्ही मागावे लागतात.