एकच प्रोग्रॅम, दोन प्रणाली : मोबाइल अ‍ॅपसाठी संगणक सज्ज करताना

मोबाइलची बाजारपेठ गुगलची अँड्रॉइड आणि अ‍ॅपलची आयओएस या दोन प्रणालींमध्ये विभागलेली आहे. पहिलीसाठी कोटलिन वा जावा, तर दुसरीसाठी स्विफ्ट अशा भिन्न भाषांत तेच अ‍ॅप दोनदा लिहिणे छोट्या उद्योजकाला किंवा एकट्या विद्यार्थ्याला परवडणारे नसते. यावर तोडगा म्हणून एकदाच लिहिलेला प्रोग्रॅम दोन्ही प्रणालींवर चालविणारी साधने पुढे आली. फेसबुकने २०१५ मध्ये 'रिअ‍ॅक्ट नेटिव्ह' सर्वांसाठी खुले केले. गुगलच्या 'फ्लटर'ची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. दोन्ही साधने विनामूल्य आहेत. मात्र 'एकदाच लिहा' याचा अर्थ 'कोणत्याही एका संगणकावर सारे काही होईल' असा नव्हे. नवख्यांची फसगत होते ती नेमकी येथेच.

आधी संगणक पाहावा

आयफोनसाठीचे अ‍ॅप अंतिमतः अ‍ॅपलच्या 'एक्सकोड' या सॉफ्टवेअरमधूनच तयार करावे लागते आणि एक्सकोड केवळ मॅक संगणकावर चालते. विंडोज किंवा लिनक्सवर प्रोग्रॅम लिहिता येतो, अँड्रॉइडचे अ‍ॅपही पूर्ण करता येते. आयओएससाठी मात्र शेवटी मॅक हवाच. तो स्वतःचाच असला पाहिजे असे नाही. इंटरनेटद्वारे मॅक भाड्याने देणाऱ्या सेवा उपलब्ध आहेत. त्यामुळे केवळ शिकण्यासाठी महागडा मॅक विकत घेण्याची घाई करू नये.

८ जीबी रॅमवर काम भागते. परंतु पडद्यावर आभासी फोन, म्हणजे 'इम्युलेटर', चालवायचा असेल तर १६ जीबी रॅम असलेली बरी. डिस्कवर ३० ते ४० जीबी जागा मोकळी ठेवावी.

क्रम चुकवू नये

विंडोजवर फ्लटर बसविण्याचा क्रम असा आहे. प्रथम 'गिट' हे सॉफ्टवेअर बसवावे. त्यानंतर फ्लटरचा साधनसंच उतरवून घ्यावा. 'डार्ट' ही भाषा त्याच्यासोबतच येते, ती वेगळी बसवावी लागत नाही. हा संच 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवू नये, कारण तेथे बदल करण्यास विशेष परवानगी लागते. फोल्डरच्या नावात मोकळी जागा, विशेष चिन्हे वा देवनागरी अक्षरे टाळावीत.

पुढची पायरी 'पाथ'ची. फ्लटरमधील 'बिन' फोल्डरचा पत्ता विंडोजच्या 'पाथ' यादीत नोंदवावा आणि कमांडची खिडकी बंद करून पुन्हा उघडावी. हे राहून गेल्यास संगणक 'फ्लटर' ही आज्ञाच ओळखत नाही.

मग 'अँड्रॉइड स्टुडिओ' बसवावा. त्यातील 'एसडीके मॅनेजर'मध्ये 'कमांड-लाइन टूल्स'समोर खूण करणे अनेकांकडून राहते आणि पुढील तपासणी तेथेच अडते. शेवटी अँड्रॉइडच्या परवाना अटी मान्य कराव्यात. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी 'व्हीएस कोड' हे तुलनेने हलके सॉफ्टवेअर सोयीचे ठरते.

जावास्क्रिप्ट येत असल्यास रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा विचार करावा. त्यासाठी 'नोड' लागते. सोबत 'एक्स्पो' वापरल्यास अँड्रॉइड स्टुडिओ न बसवताही स्वतःच्या फोनवर सुरुवात करता येते.

'डॉक्टर' काय सांगतो?

'फ्लटर डॉक्टर' ही आज्ञा दिल्यावर साऱ्या जोडणीची तपासणी होऊन प्रत्येक घटकापुढे बरोबर, उद्गारचिन्ह किंवा फुली उमटते. प्रत्येक फुलीवर उपाय करावाच लागतो असे नाही. 'व्हिज्युअल स्टुडिओ नाही' हा इशारा विंडोजच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमपुरता असतो. मोबाइल अ‍ॅप बनविणाऱ्याने त्यासाठी कित्येक जीबींचे डाउनलोड करण्याची गरज नाही. अँड्रॉइडची ओळ मात्र निर्दोष हवी.

इम्युलेटर की खरा फोन?

इम्युलेटर सुरळीत चालण्यासाठी संगणकाच्या बायॉसमध्ये 'व्हर्च्युअलायझेशन' सुरू असावे लागते. संगणक साधा असेल तर खरा फोन जोडणे अधिक चांगले. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारली की 'डेव्हलपर ऑप्शन्स' दिसू लागतात. तेथे 'यूएसबी डीबगिंग' सुरू करावे. फोन दिसत नसल्यास आधी केबल बदलून पाहावी. काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही.

खर्च कधी करावा?

वरील सर्व साधने विनामूल्य आहेत. पैसे लागतात ते अ‍ॅप प्रसिद्ध करताना. गुगल प्लेवर नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर, तर अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात. अ‍ॅप पूर्ण होऊन मित्रपरिवाराच्या फोनवर नीट चालू लागेपर्यंत यातील कोणतीही रक्कम भरण्याचे कारण नाही.

साधनांच्या आयुष्याचाही विचार करावा. एकेकाळी लोकप्रिय असलेल्या 'झॅमरिन'ला मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये पाठबळ देणे थांबविले आणि त्यावरील अ‍ॅप्स नव्या साधनांकडे वळवावी लागली. म्हणून निवडलेल्या साधनाच्या नव्या आवृत्त्या नियमित येत आहेत ना, हे पाहावे. वापरात असलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक लिहून ठेवावा आणि काम अर्ध्यावर असताना आवृत्ती बदलू नये. संगणक बदलावा लागला तरी तीच जोडणी पुन्हा उभी करणे या नोंदीमुळे सोपे जाते.