व्हिला नोव्हा द गाया
व्हिला नोव्हा द गाया : उत्तर पोर्तुगालमधील शहर आणि पोर्ट वाइनच्या गोदामांचे जगप्रसिद्ध ठिकाण. लोकसंख्या ३,०२,२९५ (२०११). दोरू नदीच्या दक्षिण तीरावर, पोर्तू (ओपोर्तो) शहराच्या अगदी समोर वसले आहे. नगरपालिकेचे क्षेत्र सुमारे १६८ चौ. किमी.

तिसरा आफोन्सो याने १२५५ मध्ये गायाला, तर दिनिश राजाने १२८८ मध्ये लगतच्या व्हिला नोव्हाला सनद दिली. पुढे दोन्ही वस्त्या पोर्तूच्या अंमलाखाली गेल्या व १८३४ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाल्या. शहराचा दर्जा १९८४ मध्ये मिळाला.

नदीवरच्या टेकडीवर सेरा दु पिलार हा ऑगस्टिनियन मठ आहे. त्याचे चर्च वर्तुळाकार आहे आणि चौकही वर्तुळाकारच. अशी जोडी क्वचितच आढळते. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याने १२ मे १८०९ रोजी याच टेकडीवर तोफा चढविल्या आणि त्यांच्या आडोशाने वाइन वाहणाऱ्या होड्यांतून सैन्य पार नेऊन मार्शल सूल्टच्या फ्रेंचांना पोर्तूतून हुसकावले. १८३२-३३ च्या पोर्तूच्या वेढ्यात हा मठ उदारमतवाद्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. माघार घेताना उदारमतवाद्यांचा प्रतिस्पर्धी मिगेल याच्या वेढा घालणाऱ्या सेनेने ऑगस्ट १८३३ मध्ये गायातील गोदामे पेटविली आणि जळती वाइन नदीपर्यंत वाहत गेली. दुमजली दों लुईश पूल १८८६ मध्ये खुला झाला. त्याच्या लोखंडी कमानीचा गाळा १७२ मी. आहे. मठ व पूल यांचा पोर्तूच्या जुन्या शहरासह १९९६ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला.

गायाचे खरे वैभव मात्र नदीकाठच्या गोदामांत आहे. त्यांना तळघरे म्हणण्याचा प्रघात असला, तरी बहुतेक जमिनीवरच्या लांब, कौलारू वखारी आहेत. द्राक्षे पिकतात दूर पूर्वेला, दोरूच्या डोंगरउतारांवर. तेथला उन्हाळा वाइनला सोसत नाही. गायाचा उतार उत्तराभिमुख व सागरी दमटपणाचा, म्हणून वाइन येथे मुरवतात. पूर्वी पिपे रबेलु नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून येत. आता त्या काठाला नांगरलेल्या दिसतात आणि २४ जूनला, सेंट जॉनच्या सणाला, त्यांची शर्यत होते. मराठीतील ‘पीप’ हा शब्द पोर्तुगीज ‘पिपा’वरूनच आला आहे. दोरू खोऱ्यात एक पिपा साधारण ५५० लिटरचा धरतात.

पोर्ट बनविताना द्राक्षांचा रस आंबत असतानाच त्यात सुमारे ७७ टक्के तीव्रतेचा द्राक्षार्क ओततात. ४३५ लिटर रसाला ११५ लिटर हे जुने प्रमाण आहे. आंबण्याची क्रिया थांबते, साखर उरते आणि सुमारे २० टक्के मद्यार्काची गोड, कडक वाइन तयार होते. पोर्तुगालचा मंत्री मार्केस द पोंबाल याने १७५६ मध्ये दोरूच्या द्राक्षप्रदेशाची सीमा आखून दिली. निर्यातीची वाइन गायातूनच धाडण्याचा नियम १९८६ पर्यंत होता.

येथील सँडमन पेढी १७९० ची. ग्रॅहम हे स्कॉटलंडचे कापड-व्यापारी. १८२० मध्ये बुडीत येण्यापोटी २७ पिपे वाइन घ्यावी लागली आणि त्यातून त्यांचा हा धंदा उभा राहिला. टेकडीवरचे त्यांचे गोदाम १८९० चे आहे. अशा गोदामात शिरल्यावर आधी जाणवतो तो गारवा, मग ओल्या लाकडाचा व मनुकांचा वास. काळवंडलेल्या पिपांवर क्रमांक व साल रंगवलेले असते. पाहुण्यांची फेरी चव घेऊन आतल्या दुकानातच संपते. या दुकानात घाई करू नये, कारण वखारीत पाहिलेले सारे इथे चिठ्ठीवर वाचता येते. ‘टॉनी’ पोर्टवर १०, २०, ३० वा ४० वर्षे असे लिहिलेले असते. ते अनेक सालांच्या मिश्रणाचे वयमान असते; लाकडात राहून तिचा रंग विटकरी होतो. ‘कोल्येता’ एकाच सालाची असते व किमान सात वर्षे लाकडात मुरते. ‘व्हिंटेज’ दोन-तीन वर्षांतच बाटलीत जाते आणि मग तिथे दशकानुदशके पिकते. तिच्या तळाशी गाळ साठतो, म्हणून बाटली उभी ठेवून अलगद ओतावी लागते. उघडलेली टॉनी काही आठवडे टिकते. जुनी व्हिंटेज दोन दिवसांत संपवावी. बुचावरून चिकटवलेली कागदी मोहर नियंत्रक संस्थेची असते. ती नसेल, तर बाटली पोर्ट नव्हे. युरोपीय कायद्याने हे नाव दोरूच्या वाइनलाच राखून ठेवले आहे. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी गोड वाइन वेगळी.

नदीकाठावरून टेकडीवर जाणारा रज्जुमार्ग २०११ पासून चालू आहे. वाइनखेरीज येथे मासेमारी व मृत्पात्रांचे उद्योग चालत आले आहेत. पर्यटन वाढते आहे.