रामटेकची राणी

राजेहो, नागपूरपासून ५० किलोमीटरवरच्या रामटेकला आपण किती वेळा गेलो असू! पायऱ्या चढायच्या, माकडांपासून प्रसाद सांभाळायचा, गड मंदिरात रामाचं दर्शन घ्यायचं अन् परत. पण त्याच टेकडीवर पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली केवल नरसिंह अन् रुद्र नरसिंह ही मंदिरं आहेत. तिथं किती जण थांबतात?

जवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. राजा दुसरा रुद्रसेन वारला तेव्हा मुलं लहान होती. राज्य चालवलं राणी प्रभावतीगुप्तेनं. सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या ताम्रपटात तिनं रामगिरीच्या स्वामीचे चरण स्मरलेत. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीतली मुद्राही मिळाली.

केवल नरसिंह मंदिरातल्या शिलालेखातही तिचं नाव आहे, पण त्यातली बरीच अक्षरं आता गेलीत. उरलेली तरी टिकली पाहिजेत ना! पुढच्या वेळी लेकरांना तिथं न्या, राणीची गोष्ट सांगा. अन् कुणी जुन्या दगडावर स्वतःचं नाव कोरताना दिसला, तर तिथंच हटका.