पातेल्यातली सिरिंज

आईच्या माघारी तिच्या कपाटात दोन वस्तू सापडल्या. एक, झाकणाचा लांबट स्टीलचा डबा. त्यात काचेची सिरिंज, तीन सुया आणि सुईची पोकळी बुजू नये म्हणून आत घालून ठेवायची केसासारखी बारीक तार. दुसरी, १९७१ ते १९८४ या वर्षांच्या जमाखर्चाच्या वह्या. मला मधुमेह झाला तो १९७१ च्या पावसाळ्यात, कराडला, वयाच्या अकराव्या वर्षी. त्या वर्षीच्या वहीत जुलैपर्यंत दर महिन्याची पहिली नोंद दुधाची आहे. सप्टेंबरपासून पहिल्या ओळीत ‘इन्शु.’ येतं, दूध दुसऱ्या ओळीत जातं, आणि रतीब दीड लिटरवरून एक लिटरवर आलेला दिसतो. भावाच्या वाट्याचं दूध माझ्या बाटलीत गेलं, हे मला पन्नास वर्षांनी कळलं.

इन्शुलिनचा इतिहास आपल्याला माहीत असतो तो प्रयोगशाळेतला. टोरांटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग, कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क, जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला दिलेली पहिली इंजेक्शनं, १९२३ चं बँटिंग आणि मॅकलाउड यांना मिळालेलं नोबेल. पण औषध सापडलं तरी ते रोज, जन्मभर, टोचायचं कोणी? या प्रश्नाचं उत्तर स्वयंपाकघरांत शोधलं गेलं. त्याची नोंद इतिहासाच्या ग्रंथांत थोडी, आणि आईच्या वह्यांसारख्या वह्यांत जास्त आहे.

त्याआधी स्वतःच्या हाताने सुई टोचून घेणारा माणूस म्हणजे बहुधा मॉर्फिनचं व्यसन लागलेला. इन्शुलिनने ही रीत घरंदाज केली. डॉक्टरने दिवसातून दोनदा घरी यावं, हे फार थोड्यांना परवडणारं. बॉस्टनच्या डॉ. जॉस्लिन यांनी इन्शुलिन येण्याआधीच, १९१८ मध्ये, मधुमेहाची माहितीपुस्तिका काढली होती. डॉक्टर आणि रोगी या दोघांनी मिळून वापरायची म्हणून. इन्शुलिन आल्यावर रोग्याला शिकवणं हा उपचाराचाच भाग झाला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटोला पोहोचली तेव्हा उपासमारीच्या आहारावर जेमतेम वीस किलोची उरली होती. पुढे ती १९८१ पर्यंत जगली. लग्न, मुलं, संसार सगळं केलं, आणि आपला आजार जगापासून लपवून ठेवला. वडील मंत्री होते म्हणून तिला औषध लवकर मिळालं, हेही सांगायला हवं.

मला जास्त जवळचे वाटतात ते लंडनचे डॉ. रॉबिन लॉरेन्स. स्वतः मधुमेही. मरायचं तर कोणाला त्रास न देता मरू, म्हणून फ्लॉरेन्सला जाऊन राहिलेले. इन्शुलिन आल्याचा निरोप मिळाल्यावर परतले आणि ३१ मे १९२३ रोजी त्यांनी पहिलं इंजेक्शन घेतलं. रोग्यांसाठी त्यांनी पुस्तकं लिहिली, आणि १९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांच्याबरोबर मधुमेहींची संघटना उभी केली. वेल्सही मधुमेहीच. आपल्याकडे मुंबईत डॉ. आजगावकरांच्या पुढाकाराने अशी संघटना १९५५ साली झाली.

आता आईचा दिवस सांगते. पहाटे साडेपाचला स्टोव्ह पेटे. छोट्या पातेल्यात तळाला फडक्याची घडी, म्हणजे उकळताना काच आपटून तडकत नाही. सिरिंजची नळी वेगळी, दट्ट्या वेगळा, सुई वेगळी. आमच्या विहिरीचं पाणी जड. दट्ट्यावर पांढरा थर धरे आणि तो मध्येच अडके. मग चिंचेच्या कोळाने घासायचा. तोवर मी परसात जाऊन लघवी घेऊन यायची. बेनेडिक्टचं निळं द्रावण पाच मिलिलिटर, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि परीक्षानळी आचेवर. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटेसारखं लाल. त्या रंगावरून आई मात्रा ठरवी. सुई बोथट झाली की वडील ती धार लावायच्या दगडावर घासत आणि नखावर ओढून बघत. संध्याकाळी पुन्हा सगळं पहिल्यापासून. फ्रीज नव्हता. बाटली मातीच्या मडक्यात, बाहेरून ओलं फडकं. कराडात माल नसला की वडील एस.टी.ने सांगलीला जात आणि थर्मासमध्ये बर्फ घालून बाटल्या आणत. वहीत त्या दिवशी तीन नोंदी: इन्शु., तिकीट, बर्फ.

आणखी एक गोष्ट घरात कोणी बोललं नाही. तेव्हाचं इन्शुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. आपल्याकडे बहुतेक गाईबैलांच्या. आजीने डॉक्टरांना एकदाच विचारलं, “कशापासून करतात?” ते म्हणाले, “औषध आहे, आजी.” तिने परत विचारलं नाही. पण मडकं मात्र देवघराच्या भिंतीपासून हलवून न्हाणीघराकडे ठेवलं.

किमतीचा प्रश्न मी पुढे नोकरीला लागल्यावर वाचायला घेतला. शोधकर्त्यांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले, ही हकिगत सगळेच अभिमानाने सांगतात. खरी आहे. मग शंभर वर्षांनी हे औषध महाग कसं? जेरेमी ग्रीन आणि केव्हिन रिग्ज या अमेरिकी डॉक्टरांनी २०१५ च्या लेखात याचं उत्तर दिलं आहे: इन्शुलिन एकदाच सापडलं नाही, ते सतत थोडं थोडं सुधारत गेलं. १९३६ मध्ये हेगडॉर्न यांनी दीर्घकाळ टिकणारं प्रकार काढला, १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्शुलिन आलं, १९९६ पासून झटपट काम करणारं. प्रत्येक सुधारणेबरोबर नवं पेटंट, आणि जुना स्वस्त माल हळूहळू बाजारातून नाहीसा. अमेरिकेत १९९६ साली सुमारे २१ डॉलरला आलेल्या ह्युमलॉगच्या बाटलीची छापील किंमत २०१७ पर्यंत पावणेतीनशे डॉलरच्या घरात गेली. २०२३ मध्ये कंपनीने ती मोठ्या प्रमाणात उतरवली. आपल्याकडे वोक्हार्टने २००३ मध्ये आणि पाठोपाठ बायोकॉनने देशी मानवी इन्शुलिन आणलं, शिवाय सरकारचं किंमत नियंत्रण आहे, म्हणून साधी बाटली आज दीडशे रुपयांच्या आसपास मिळते.

हे उत्तर मला पटतं, पण पुरत नाही. ते बाटलीचा हिशेब मांडतं, पातेल्याचा मांडत नाही. वापरून टाकायची प्लॅस्टिकची सिरिंज आली तेव्हा आईचा रोजचा तासभर वाचला, आणि वहीत ‘सिरिंज’ ही नवी ओळ सुरू झाली. १९८५ नंतर पेन आलं, तेव्हा बाटलीतून मोजून ओढणंही वाचलं. त्याची किंमत पुन्हा वेगळी. घरातल्या बाईचे कष्ट एकेक करून पैशात बदलत गेले. पैसा होता त्या घरांत हे चांगलंच झालं. मी स्वतः पेन वापरते आणि सुई चार-पाचदा वापरून मगच बदलते. असं करू नये हे ठाऊक असूनही.

स्वस्त बाटलीचीही एक मेख आहे. आपल्याकडे अजून मिलिलिटरला ४० युनिटची बाटली चालते, आणि १०० युनिटचीही. चाळिसाच्या सिरिंजला लाल टोपण, शंभराच्या सिरिंजला नारिंगी. काही वर्षांपूर्वी पेन बिघडलं म्हणून मी चाळिसाची बाटली आणली. दुकानदाराने नारिंगी टोपणाची सिरिंज दिली आणि मीही, पन्नास वर्षं टोचून घेणारी बाई, न बघता वीस खुणांपर्यंत भरत राहिले. शरीरात आठच युनिट जात होती. चार दिवस तोंड कोरडं, पाय जड. उलट चूक झाली असती, म्हणजे शंभराची बाटली आणि लाल टोपण, तर अडीचपट गेलं असतं आणि हे लिहायला मी नसते. जुन्या ब्रिटिश सिरिंजवर खुणा मिलिलिटरला २० असत आणि बाटल्या २०, ४०, ८० अशा तीन ताकदींच्या. तिथले रोगी १९८३ पर्यंत रोज हा भागाकार करत होते.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या मुलाला गेल्या वर्षी मधुमेह निघाला. नववीत आहे. त्या पाच घरची कामं करतात. सकाळचं इंजेक्शन त्या देऊन येतात, रात्रीचं तो स्वतः घेतो. फ्रीज नाही. मडक्याची युक्ती मी सांगायला गेले तर ती त्यांना आधीच ठाऊक होती. मग एके दिवशी त्यांनी पदराच्या गाठीतून सिरिंज काढून पुढे ठेवली. “ताई, हिचे आकडे दिसंनात.” पुन्हा वापरायची म्हणून त्यांनी प्लॅस्टिकची सिरिंज आठवडाभर रोज पातेल्यात उकळली होती. नळी किंचित वाकली होती, खुणा धुऊन गेल्या होत्या. टोपण लाल होतं, तेवढं बरं. मी माझी एक नवी सिरिंज तिच्याशेजारी ठेवली आणि आम्ही दोघी चष्मे पुसून, पुसट नळीवर सोळाची खूण कुठे असेल ते शोधत बसलो.