मद्य-अनुज्ञप्ती आणि शेजाऱ्याची संमती : खानदेशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जळगाव किंवा धुळे शहरातील एखाद्या वस्तीत छोटी खानावळ चालविणारा व्यावसायिक जेव्हा मद्य देण्याची अनुमती मागतो, तेव्हा त्याच्या अर्जाकडे तीन बाजूंनी पाहिले जाते. शासनास त्यातून शुल्क मिळते, व्यावसायिकास धंद्याची वाढ दिसते आणि शेजारी राहणाऱ्या कुटुंबांस रात्रीच्या वर्दळीची चिंता वाटते. यांपैकी पहिल्या दोन बाजूंना कायद्यात प्रारंभापासून स्थान आहे. तिसऱ्या बाजूस ते कधी, कसे आणि किती मिळाले, याचा शोध खानदेशाच्या इतिहासाच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे शब्दांचा एक भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते. बोलीभाषेत सर्वच अनुमतींना ‘परवाना’ म्हटले जाते. शासकीय मराठीत मात्र विक्रेत्यास मिळते ती ‘अनुज्ञप्ती’ आणि पिणाऱ्यास मिळतो तो ‘परवाना’. हा भेद वरवर पाहता केवळ शाब्दिक वाटतो. परंतु महाराष्ट्रातील मद्यविषयक कायद्याची सारी रचना त्यावर उभी आहे.

मोह, मक्ता आणि वसाहतकालीन अबकारी

पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला. सातपुड्यातील भिल्लांशी संघर्ष आणि तडजोड यांचा काळ त्यानंतर सुरू झाला. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारण्यात आली आणि जेम्स औट्रमच्या नेतृत्वाखाली धरणगाव हे तिचे केंद्र झाले. या आदिवासी समाजात मोहाच्या फुलांची दारू घरोघरी गाळली जात असे. देवकार्य, लग्न व पंचायतीतील तडजोड अशा प्रसंगी तिला मान होता. ती विकत घेण्याची वस्तू नव्हती. घराने व गावाने मिळून करावयाची गोष्ट होती.

१८७८ च्या मुंबई अबकारी अधिनियमाने हे नाते बदलले. दारू गाळणे, ताडी काढणे आणि विकणे या सर्वांसाठी शासनाची अनुमती आवश्यक झाली आणि घरगुती भट्टी हा गुन्हा ठरला. गाळण्याचा व विकण्याचा हक्क मक्त्याने वा लिलावाने देण्याची पद्धत रूढ होती. दुकान कोठे असावे, हे ठरविताना महसुलाचा विचार प्रधान होता. ज्यांच्या दाराशी दुकान येणार, त्यांना विचारण्याची तरतूद या व्यवस्थेच्या गाभ्यात नव्हती.

या उणिवेची जाणीव प्रथम विलायतेतील मद्यविरोधी मंडळींनी करून दिली. १८८९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या हाऊस ऑफ कॉमन्सने हिंदुस्थानातील अबकारी धोरणावर टीका करणारा ठराव संमत केला. त्यानंतर १८९० मध्ये हिंदुस्थान सरकारने, दुकानाविषयी स्थानिक लोकमत अजमावावे, असे तत्त्व मान्य केले. १९०५–०६ च्या अबकारी समितीने नगरांसाठी सल्लागार समित्यांची शिफारस केली. तथापि ‘सल्ला’ आणि ‘संमती’ यांत अंतर असते. सल्ला ऐकणे अधिकाऱ्याच्या इच्छेवर होते. निर्णय त्याचाच राहिला. याच सुमारास, १९०६ मध्ये, खानदेशाचे विभाजन होऊन जळगाव हे पूर्व खानदेशाचे व धुळे हे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे झाले. अबकारी प्रशासनाचे तत्त्व मात्र दोन्हीकडे तेच राहिले.

दारूत्यागाच्या चळवळी

शासनाने न विचारलेल्या लोकांनी आपले मत वेगळ्या मार्गाने व्यक्त केले. १९२२–२३ मध्ये खानदेशालगतच्या डांग व सुरत भागांतील आदिवासींत ‘देवी’ चळवळ पसरली. देवीच्या आज्ञेने दारू सोडावी, असा तिचा आदेश होता. त्यानंतर १९३७–३८ मध्ये पश्चिम खानदेशातील तळोदे तालुक्यात मोरवड येथील गुलाम महाराजांनी आरतीच्या निमित्ताने हजारो भिल्लांना एकत्र आणले. एकमेकांना ‘आप’ म्हणून संबोधावे, दारू वर्ज्य करावी, ही त्यांची शिकवण होती. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बंधू रामदास महाराजांनी हे कार्य पुढे नेले.

अनुज्ञप्तीच्या इतिहासात या चळवळींचे महत्त्व विशेष आहे. मक्तेदाराचे दुकान बंद करण्याचा अधिकार गावकऱ्यांजवळ नव्हता. गिऱ्हाईक न होण्याचा निश्चय मात्र त्यांच्या हाती होता. स्थानिक लोकमत अजमावण्याचे जे काम सरकारी समित्यांकडे सोपविले गेले, ते येथे लोकांनी स्वतःच केले. १९३६ च्या डिसेंबरात पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा दारूबंदी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग होताच. पुढील वर्षी अधिकारावर आलेल्या खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली.

१९४९ चा अधिनियम आणि ‘परमिट रूम’

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अस्तित्वात आला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदीला मार्गदर्शक तत्त्वाचे स्थान दिले. १९५१ मध्ये एफ. एन. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमातील काही तरतुदी रद्द ठरवून उर्वरित कायदा कायम ठेवला. पुढे महाराष्ट्रात १९६० च्या दशकापासून निर्बंध टप्प्याटप्प्याने शिथिल होत गेले, पण मूळ अधिनियम कायम राहिला. त्यामुळे राज्यात मद्यपान हा आजही कायद्याच्या दृष्टीने अपवाद असून त्यासाठी पिणाऱ्याजवळ परवाना असणे अपेक्षित आहे. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपयांत व देशीसाठी दोन रुपयांत मिळतो.

‘परमिट रूम’ हा शब्द याच रचनेतून आला. परवानाधारकांनी बसून प्यावयाची खोली, असा त्याचा मूळ अर्थ. उपाहारगृहास दिली जाणारी ‘एफएल-३’ अनुज्ञप्ती ही अशा खोलीसाठी असते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून राज्यात मद्यविक्रीच्या नव्या किरकोळ दुकानांना अनुज्ञप्ती देणे थांबविण्यात आले. नव्या व्यावसायिकास उपाहारगृहाची वाट मात्र मोकळी राहिली. दुकानांची संख्या गोठली आणि विस्ताराचा भार खानावळ व हॉटेल यांकडे वळला. साहजिकच मद्य वस्तीच्या अधिक जवळ आले, कारण खानावळ ही वस्तीतच चालते.

अंतराचा प्रश्न

नियमांनी शेजाऱ्यांच्या हिताचा विचार प्रामुख्याने अंतराच्या रूपाने केला. शैक्षणिक संस्था, धार्मिक स्थळे, बसस्थानक यांपासून ठरावीक अंतर राखले की अर्ज पुढे सरकतो. अंतर मोजता येते, म्हणून प्रशासनास ते सोयीचे असते. परंतु त्याच्या मर्यादा २०१६–१७ मध्ये स्पष्ट झाल्या. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले.

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात व दुसरा जळगाव शहरातूनच जातो. साहजिकच या आदेशाचा परिणाम दोन्ही शहरांवर झाला. जळगावात शासनाच्या अखत्यारीतील काही रस्ते महापालिकेकडे वर्ग करण्याचा निर्णय झाला, तेव्हा रस्त्याचे नाव बदलून दुकाने वाचविली जात आहेत, अशी टीका झाली. ११ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने महापालिका व नगरपालिका हद्दीतील अनुज्ञप्तींना हा आदेश लागू नसल्याचे स्पष्ट केले. अंतर बदलले, पुन्हा बदलले. रस्त्याकडेच्या घरात राहणाऱ्या माणसास यापैकी कोणत्याही टप्प्यावर त्याचे मत विचारले गेले नाही.

बंद करण्याचा अधिकार आणि देण्यास संमती

शेजाऱ्यास थेट मताधिकार मिळाला तो दुकान बंद करण्यासाठी. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातील वा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास मतदान घेतले जाते. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने हे मतदान सर्वपरिचित आहे. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडणे त्यासाठी आवश्यक असते. मतदानास न आलेली स्त्री येथे प्रत्यक्षात दुकानाच्या बाजूने मोजली जाते. शहरातील प्रभागात, जेथे मजुरी वा नोकरीसाठी स्त्रिया दिवसभर बाहेर असतात, तेथे ही अट विशेष कठीण ठरते.

याच्या उलट चित्र अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ चा पंचायत विस्तार अधिनियम म्हणजे ‘पेसा’ हा मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी वा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेस देतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतील काही गावे आणि धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर तालुक्यांचे भाग या क्षेत्रात येतात. ज्या आदिवासी समाजाची भट्टी १८७८ मध्ये गुन्हा ठरली, त्याच समाजाच्या ग्रामसभेस आज कायद्याने अधिक बळकट आवाज आहे. शहरी शेजाऱ्यांसाठी मार्च २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत घोषणा केली की, गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे बिअर वा मद्य दुकान सुरू करण्यास संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक राहील. तथापि जुन्या जळगावातील किंवा जुन्या धुळ्यातील गल्लीत गृहनिर्माण संस्था नसते. तेथे स्वतंत्र घरे असतात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, खानदेशात मद्य-अनुज्ञप्तीचा निकष महसुलाकडून नीतीकडे आणि नीतीकडून अंतराकडे सरकत गेला. शेजाऱ्याची संमती या प्रवासात प्रथम सल्ला म्हणून, नंतर दुकान बंद करण्याचे मत म्हणून आली. अनुज्ञप्ती देण्यापूर्वीची पूर्ण संमती ग्रामसभेच्या बाहेर अद्याप रूढ झालेली नाही. छोट्या खानावळीच्या मालकाचा चरितार्थही येथे विसरता येत नाही. गुंतवणूक करून धंदा उभारल्यावर तो मतदानाने बंद होण्यापेक्षा आरंभीच शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकले जाणे त्याच्याही हिताचे आहे. प्रभागसभेस अनुज्ञप्ती देण्यापूर्वी मत नोंदविण्याचा अधिकार मिळाला, तर १८९० मध्ये मान्य झालेले तत्त्व शहरी वस्तीतही प्रत्यक्षात येईल.