एक ऑर्डर, किती फेऱ्या? घरपोच सेवेमुळे होणारं प्रदूषण कसं कमी करता येईल?

सकाळी दूध, दुपारी जेवण, संध्याकाळी विसरलेली कोथिंबीर आणि रात्री चार्जरची केबल. शहरातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या गेटवर डिलिव्हरीच्या दुचाकींची ये-जा दिवसभर सुरू असते. वस्तू दारात येते, त्यामुळे आपली गाडी बाहेर काढावी लागत नाही. मग यामुळे हवेचं प्रदूषण कमी होतं की वाढतं? ते आपण वस्तू कशी मागवतो यावर अवलंबून आहे.

घरपोच सेवेचा हवेशी काय संबंध?

पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांमधून नायट्रोजन ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पीएम २.५ म्हणजेच अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. हे कण इतके बारीक असतात की ते थेट फुफ्फुसात खोलवर जातात. भारतीय मानकानुसार हवेत त्यांची वार्षिक सरासरी दर घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये हीच मर्यादा ५ मायक्रोग्रॅमवर आणली.

१ एप्रिल २०२०पासून देशात बीएस-६ मानकं लागू झाली आणि नव्या गाड्यांचा धूर कमी झाला. पण फेऱ्याच वाढल्या, तर हा फायदा कमी होतो. शिवाय ब्रेक आणि टायरची झीज, रस्त्यावरची उडणारी धूळ हेही प्रत्येक फेरीसोबत येतंच.

मुंबई-पुण्याच्या हवेत बांधकामांची धूळ, कारखाने आणि जाळलेला कचरा यांचाही मोठा वाटा आहे. त्यामुळे सगळा दोष डिलिव्हरीला देता येणार नाही. पण प्रदूषणाचा हा भाग आपल्या रोजच्या सवयींशी थेट जोडलेला आहे.

दुकानात जाणं चांगलं की घरी मागवणं?

तुम्ही कोपऱ्यावरच्या वाण्याकडे चालत जात असाल, तर त्याहून स्वच्छ पर्याय नाही. एकटेच कार घेऊन दूरच्या मॉलमध्ये जात असाल, तर एकाच फेरीत अनेक घरांना सामान देणारा टेम्पो बरा. पण एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी एक दुचाकी येऊन रिकामी परत जात असेल, तर हिशेब उलटतो.

समजा, दुकान २ किलोमीटरवर आहे. दिवसात तीन वेळा वेगवेगळं सामान मागवलं, तर जाऊन-येऊन १२ किलोमीटर होतात. तेच सामान एकदा मागवलं, तर फक्त ४. त्याच रस्त्यावरच्या आणखी दोन घरांचं सामान त्या फेरीत आलं, तर तुमच्या वाट्याला येणारं अंतर आणखी कमी होतं.

मुंबईच्या डबेवाल्यांची पद्धत नेमकी हीच आहे. १८९०पासून सुरू असलेली ही सेवा प्रामुख्याने लोकल, सायकल आणि हातगाडीवर चालते. एका भागातले डबे ठरलेल्या वेळी गोळा करायचे आणि एकत्र पोहोचवायचे. झटपट डिलिव्हरीत मात्र सामान एकत्र करायला वेळच उरत नाही.

ग्राहक म्हणून काय करता येईल?

- दिवसभरात लागणाऱ्या वस्तूंची यादी करा आणि एकदाच मागवा.
- घाई नसेल तर दहा मिनिटांऐवजी उशिराचा स्लॉट निवडा.
- पत्ता आणि नकाशावरची खूण अचूक द्या. घरी नसाल तर पार्सल वॉचमनकडे किंवा शेजारी ठेवायला सांगा. डिलिव्हरी हुकली की दुसरी फेरी ठरलेलीच.
- कपडे, चपला मागवताना मापं नीट तपासा. तीन मापं मागवून दोन परत पाठवणं म्हणजे परतीचा जादा प्रवास.
- सोसायटीत शेजाऱ्यांसोबत भाजी, किराणा एकत्र मागवा.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की प्रश्न मिटेल?

काही प्रमाणात. इलेक्ट्रिक दुचाकीतून रस्त्यावर धूर निघत नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण भारतात अजूनही बहुतांश वीज कोळशावर तयार होते. म्हणजे शहरात वाचलेल्या धुराचा काही भाग चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या वीज केंद्रांभोवती राहणाऱ्यांच्या वाट्याला जातो. टायरची झीज आणि वाहतूक कोंडीही कायम राहते. म्हणून गाडी इलेक्ट्रिक असली तरी फेऱ्या कमी करणं गरजेचंच आहे.

मग सगळी जबाबदारी ग्राहकाचीच का?

नाही. महाराष्ट्राच्या २०२१च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुण्यासह सहा शहरी भागांत २०२५पर्यंत शेवटच्या टप्प्यातल्या डिलिव्हरीच्या २५ टक्के गाड्या इलेक्ट्रिक करण्याचं लक्ष्य होतं. दिल्लीने २०२३च्या योजनेत १ एप्रिल २०३०पर्यंत डिलिव्हरी कंपन्यांचा सगळा ताफा इलेक्ट्रिक करण्याची अट घातली. फ्लिपकार्ट आणि झोमॅटो या कंपन्यांनीही २०३०चं उद्दिष्ट जाहीर केलं आहे.

पण अनेकदा दुचाकी डिलिव्हरी करणाऱ्याच्या स्वतःच्या मालकीची असते आणि पेट्रोलही त्याच्याच खिशातून जातं. इलेक्ट्रिक गाडीचा हप्ता आणि चार्जिंगची सोय कोण करणार, याचं उत्तर कंपन्या आणि सरकारने द्यायला हवं. कारण दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावर राहून ही हवा सर्वांत जास्त श्वासात घेतो तो आपल्या दारात पिशवी घेऊन उभा राहणारा माणूसच. पुढची ऑर्डर देण्याआधी आणखी काही लागणार आहे का, हे एकदा घरात विचारून घेतलं, तरी त्याची एक फेरी वाचू शकते.