आधी गुन्हा, मग शाळा

‘एक शाळा उघडली की एक तुरुंग बंद होतो’ हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या पायाभरणीपासून बक्षीस समारंभापर्यंत कुठेही ऐकायला मिळते. बरीच वर्षे मीही ते खरे मानत आलो. बालगुन्हेगारीच्या कारणांचा इतिहास शोधायला बसलो तेव्हा मनात हेच सूत्र होते : शाळा नाही, म्हणून गुन्हा. जुने कायदे एकामागून एक वाचत गेलो आणि सूत्र उलटे होत गेले. ब्रिटिश अमलात सरकारने शाळेची पहिली सक्ती केली ती गुन्हा शाबीत झालेल्या मुलावर. ज्याने काहीच केले नव्हते, त्याला शाळा मिळेलच अशी हमी कुणी घेतली नव्हती. या विषमतेचा माग काढणे हा या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात मुंबईतल्या डोंगरीपासून करतो. तिथले उमरखाडीचे बालगृह हा पूर्वी तुरुंग होता. कोल्हापूर प्रकरणात बदनामीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झालेले टिळक आणि आगरकर १८८२ साली इथेच होते. आगरकरांनी पुढे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात त्या दिवसांची हकिगत लिहिली. दोघेही तेव्हा मास्तर होते आणि त्यांची न्यू इंग्लिश स्कूल सुरू होऊन जेमतेम अडीच वर्षे झाली होती. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. त्याच्या बरोबर आठवडाभर आधीची, १९ ऑक्टोबरची तारीख जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनावर आहे. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यात होती. टिळक-आगरकरांसाठी दहा हजारांचा जामीन देणारे रामशेट उरवणे पुढे आले होते, तेही जोतीरावांच्याच शब्दावरून.

तारखांचा हा निव्वळ योगायोग. पण त्यामुळे एक प्रश्न माझ्या मागे लागला. जोतीराव ज्या सक्तीची मागणी करत होते, ती कायद्याच्या पुस्तकात सहा वर्षे आधीच येऊन बसली होती. ती कुणासाठी होती?

उत्तरासाठी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जावे लागते. तिथल्या मेरी कार्पेंटर या बाईंनी गरीब वस्तीत मुलांची शाळा चालवली होती. १८५१ साली त्यांनी बालगुन्हेगारांच्या शाळांविषयी एक पुस्तक लिहिले. मुलाला तुरुंगात टाकल्याने तो सुधारत नाही, हा त्यांचा मुद्दा आपण लक्षात ठेवला. त्यांनी केलेली मांडणी मात्र विसरलो. त्यांना तीन प्रकारच्या शाळा हव्या होत्या. पहिली, फी परवडत नाही अशा मुलांसाठी मोफत शाळा. दुसरी, रस्त्यावर भीक मागत हिंडणाऱ्या मुलांसाठी सक्तीच्या हजेरीची, जेवण देणारी आणि हाताला काम शिकवणारी शाळा. आणि तिसरी, गुन्हा केलेल्या मुलांसाठी सुधारशाळा. पहिल्या दोन शाळांनी आपले काम नीट केले तर तिसरीत फारसे कुणी येऊ नये, अशी ही योजना.

इंग्लंडातही या शाळा उलट्याच क्रमाने आल्या. १८५४ साली सुधारशाळांचा कायदा झाला, १८५७ साली औद्योगिक शाळांचा, आणि १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा. सर्वत्र सक्ती यायला १८८० उजाडले. तरी तीस वर्षांच्या आत तिन्ही आल्या. कार्पेंटरबाई १८६६ साली हिंदुस्थानात आल्या. एकंदर चार वेळा त्यांनी हा प्रवास केला, इथले तुरुंग पाहिले, मुलींच्या शिक्षणाबरोबरच सुधारशाळांचाही आग्रह धरला. इथे मात्र सरकारने त्यांच्या तीन शाळांपैकी शेवटची तेवढी उचलली.

मुंबईत त्याआधी काहीच नव्हते असे नाही. अनाथ आणि गरीब मुलांनी एखादा धंदा शिकावा, मोठेपणी पोट भरावे, यासाठी १८५० साली उमेदवारीचा कायदा झाला होता. त्याच सुमारास ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक जॉर्ज बुइस्ट यांनी मुलांसाठी उद्योगशाळा काढली. पुढे डेव्हिड ससून यांनी तिला आश्रय दिला आणि त्यांच्या नावाची संस्था आज माहीमला आहे. पण सरकारी खर्चाने, न्यायाधीशाच्या हुकुमाने मुलाला शाळेत पाठवण्याची सोय झाली ती १८७६ च्या सुधारशाळा कायद्याने. सोळा वर्षांखालच्या मुलाला कैदेची शिक्षा झाली, तर तुरुंगाऐवजी त्याला काही वर्षे या शाळेत ठेवता येऊ लागले. १८९७ साली हा कायदा नव्याने लिहिला गेला, तेव्हा मुदत तीन ते सात वर्षे ठरली. मात्र अठरा वर्षांनंतर कुणाला ठेवायचे नाही. मुलींचा विचार त्यात नव्हताच.

या १८९७ च्या कायद्यातले सहावे कलम मी अनेकदा वाचले. सुधारशाळेत काय असलेच पाहिजे, याची ती यादी आहे. रात्री मुलांना वेगवेगळे ठेवण्याची सोय, स्वच्छता, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण, औद्योगिक शिक्षण आणि आजारी मुलांसाठी खोली. यादी माणुसकीची आहे, यात शंका नाही. पण जिच्या नावातच शाळा आहे, तिच्या या यादीत लिहिणे-वाचणे नाही. लिहायला-वाचायला शिकवलेच पाहिजे, अशी अट तिथे घातलेली नव्हती. हातोडी-रंधा चालवणारा, आज्ञा पाळणारा कामगार तयार करणे ही या शाळेची मुख्य कल्पना होती.

यानंतर चौदा वर्षांनी, १६ मार्च १९११ रोजी, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी किती माफक होती, ते पाहण्यासारखे आहे. सहा ते दहा वयाच्या मुलांपुरती सक्ती. तीही ज्या भागात बरीच मुले आधीच शाळेत जात आहेत तिथेच, आणि नगरपालिका वा लोकल बोर्डाची इच्छा असेल तरच. दरमहा दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. सरकारने पैशांची अडचण सांगितली, लोकांची तयारी नाही असे सांगितले. काही हिंदी जमीनदार सभासदही विरोधात गेले. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडले.

हे दोन कायदे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. चोरी करून पकडलेल्या बारा वर्षांच्या पोराला खाऊपिऊ घालून, कपडालत्ता देऊन सहा वर्षे ‘शाळेत’ ठेवायला सरकारजवळ पैसा होता. त्याच आळीतल्या, चोरी न केलेल्या आठ वर्षांच्या पोराला चार वर्षे अक्षर शिकवायला नव्हता. अपवाद होते, पण ते संस्थानांत. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर सक्ती केली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ साली कायदा झाला, तो नगरपालिकांपुरता, आणि त्यांनी ठरवले तर.

याहून कठोर सक्ती दुसऱ्या एका कायद्यात होती. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या होत्या. १८९७ च्या दुरुस्तीने त्यांची चार ते अठरा वर्षांची मुले आई-बापांपासून काढून सुधार वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पुढे सोलापूर, हुबळी, गदग इथे तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांत शाळा होती आणि हजेरी बंधनकारक होती. म्हणजे इथे गुन्हा घडण्याचीही वाट पाहायची नव्हती; जन्म पुरेसा होता. या वसाहतींत शिकून पुढे आलेली माणसे आहेत, हे खरे. पण शाळा हा हक्क नसून शिक्षेचाच एक भाग आहे, हा धडाही त्या मुलांनी तिथेच गिरवला. हा कायदा १९५२ साली ऑगस्टअखेर रद्द झाला.

आता संशोधनाकडे वळतो. सुधारशाळेत येणारी मुले निरक्षर असतात, यावरून निरक्षरता हे गुन्ह्याचे कारण असे अनुमान काढणे सोपे होते. पण १९११ च्या जनगणनेत देशातली शंभरांतली सहा माणसेही साक्षर नव्हती. जे सगळ्यांच्याच वाट्याला आले आहे, ते थोड्यांच्या वागण्याचे कारण कसे ठरेल? तुलना केल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. अशी तुलना लंडनमध्ये सिरिल बर्ट यांनी १९२५ च्या पुस्तकात केली. गुन्हा केलेल्या दोनशेच्या आसपास मुलामुलींशेजारी त्यांनी त्याच वस्त्यांतली, त्याच शाळांतली, गुन्हा न केलेली मुले ठेवली. एकच कारण सापडत नाही, घरातली बिघडलेली शिस्त आणि शाळेत मागे पडणे यांसारखी अनेक कारणे एकत्र येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. बर्ट यांच्या जुळ्या मुलांवरील आकड्यांबद्दल त्यांच्या मृत्यूनंतर गंभीर शंका घेतल्या गेल्या, म्हणून त्यांचे आकडे जपून वापरावे लागतात. तुलनेची पद्धत मात्र टिकली.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता : शाळेत असूनही मुलगा गुन्ह्याकडे वळतो, तेव्हा शाळेचा वाटा किती? १९६७ साली मायकेल पॉवर आणि सहकाऱ्यांनी पूर्व लंडनमधल्या शाळांत बालगुन्ह्यांचे प्रमाण फार वेगवेगळे आहे, आणि केवळ वस्तीवरून हा फरक समजत नाही, असे दाखवले. त्यावर एवढा गहजब झाला की पुढच्या अभ्यासासाठी त्यांना शाळांची दारे बंद झाली. लंडनच्या दक्षिण भागातल्या ४११ मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासातून डेव्हिड फॅरिंग्टन यांनी उलटे मत मांडले : फरक मुख्यतः शाळेत येणाऱ्या मुलांतच आधीपासून असतो. १९७९ साली मायकेल रटर यांच्या गटाने बारा शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि शाळेतल्या वातावरणाचा परिणाम होतो, असे सांगितले. त्या पुस्तकाचे नावच ‘पंधरा हजार तास’. एक मूल शाळेत घालवते तेवढे तास. दोन्ही बाजूंत तथ्य असावे, असे मला वाटते. शाळा मुलाची पाटी कोरी करून देऊ शकत नाही. पण पंधरा हजार तासांचा काहीच परिणाम नसेल, तर मग शाळा हवी तरी कशाला?

आपल्याकडे मुंबईचा बालकायदा १९२४ साली झाला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी आणि मुलांचे न्यायालय सुरू झाले. निराधार मूल आणि गुन्हा केलेले मूल दोघेही एका कायद्याखाली आले, आणि डोंगरीच्या जुन्या तुरुंगात मुले राहू लागली. शिक्षण हा मूलभूत हक्क प्रत्यक्षात आला १ एप्रिल २०१० रोजी. जोतीरावांच्या निवेदनानंतर १२८ वर्षांनी कार्पेंटरबाईंची पहिली शाळा कायद्याने पूर्ण झाली.

आज राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत पकडलेल्या मुलांच्या शिक्षणाचा तक्ता असतो. त्यात निरक्षर मुले थोडी दिसतात. प्राथमिकच्या पुढे गेलेली, पण दहावी न झालेली मुले मोठ्या संख्येने दिसतात. आणि बहुतेक मुले आई-वडिलांबरोबर राहणारी असतात. म्हणजे ही मुले शाळेत गेली होती. शाळेत त्यांचे काय झाले, हे तक्ता सांगत नाही.

ते सांगू शकेल असा एक कागद प्रत्येक शाळेत असतो : शाळा सोडल्याचा दाखला. त्यात ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा दुसरा. या दुसऱ्या रकान्यात बहुधा एका ओळीत काम उरकलेले असते. सततची गैरहजेरी, किंवा पालकांच्या विनंतीवरून. मुलगा गैरहजर का राहू लागला, पालकांवर विनंती करायची वेळ का आली, हे कुणी लिहीत नाही आणि त्यासाठी जागाही नसते. बालगुन्हेगारीची कारणे शोधू पाहणाऱ्याने पोलीस ठाण्यातल्या नोंदीपाशी जाण्याआधी या रकान्यापाशी थांबावे, असे मला आता वाटते. दीडशे वर्षे आपण मुलाकडे गुन्ह्यानंतर पाहत आलो. या रकान्यात तो गुन्ह्याच्या आधी दिसतो.